जिन्यातली नळी

मी टाचण्या लावल्या. लावू नका म्हणून बजावलेलं असताना लावल्या, आणि वर लावल्या नाहीत असंही सांगितलं. मूर्खपणा माझ्या हातून पुष्कळ झाला आहे. एका नवरीच्या ब्लाउजला मी दोन्ही बाह्या डाव्या हाताच्याच लावून दिल्या होत्या, आणि ती बिचारी तसंच लग्न लावून सासरी गेली. त्यावर मी आजही पोट धरून हसते. टाचण्यांना मात्र सतरा वर्षं झाली, अजून हसू येत नाही.

परवा पुण्याहून नातीनं फोनवर चार कापडांचे फोटो पाठवले. ती आणि तिच्या मैत्रिणी डोंगर चढायला जातात आणि पाठीवरच्या पिशव्या, तंबू असं सगळं घरीच शिवतात. आजी, यातलं कोणतं हलकं आणि कोणतं पाणी न गळणारं, असा प्रश्न होता. फोटोवरून कापड ओळखता येतं असं या पोरींना वाटतं. मी तिला लिहिलं की कापड मागव, तोंडाला लाव आणि फुंकर मार. तिनं हसणारी चार तोंडं पाठवली. तिला वाटलं, आजीची थट्टा. थट्टा नव्हती. ही परीक्षा मला काकाजींनी शिकवली होती.

काकाजी म्हणजे आमचे घरमालक. अमरावतीत त्यांच्या घरात खालच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्यानं राहत होतो. ते मूळचे बाळापूरकडचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी नागपूरला. अंगानं कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीसारखे. नोकरीभर त्यांनी एकच काम केलं. मेळघाटातल्या गावोगावी जी पावसाची मापं बसवलेली असतात, तिथं पायी जायचं आणि पडलेला पाऊस रजिस्टरात उतरवायचा. पाऊस मोजता मोजता माणूस पावसावर दात धरून बसला होता. पाणी म्हणजे एक लबाड नातेवाईक आहे, अशा थाटात ते त्याच्याविषयी बोलत.

"पाण्याले लाज नसते, बाई," ते म्हणत. "जागा दिसली का घुसते."

त्यांच्या जिन्याच्या कठड्याला एक पारदर्शक नळी उभी बांधलेली होती, तळमजल्यापासून थेट गच्चीच्या दारापर्यंत. तिच्या खालच्या तोंडावर कापडाचा तुकडा ताणून पट्टीनं आवळायचा आणि वरून लोट्यानं पाणी ओतायचं. नळीतलं पाणी जितकं उंच, तितका खाली कापडावर दाब. कापडाखाली एक दाढीचा आरसा ठेवलेला असे. काकाजी पायरीवर बसून आरशात बघत. कापडाच्या पोटाला पहिला थेंब दिसला की पाण्याची उंची वाचायची आणि वहीत लिहायची. मी पोळ्या टाकून गच्चीवर कपडे वाळत घालायला निघाले की हे खालच्या पायरीवर, आरशात तोंड घालून. "थांबा, बाई. सुटून राहिला," असं म्हणून ते हात आडवा करत. मग मी ओल्या कपड्यांची बादली कमरेवर घेऊन एका थेंबाची वाट बघत उभी. माझ्याकडे मापाला येणाऱ्या बाया विचारत, हे काय आहे गं? मी सांगायची, मालकांचं डोकं आहे, उभं करून ठेवलंय.

तेव्हा मी एकोणपन्नास वर्षांची होते. शिवणाच्या डिप्लोमाचं सर्टिफिकेट काचेत घालून मशीनच्या बरोबर वर टांगलं होतं, मापाला उभ्या राहिलेल्या बाईची नजर तिथंच जावी अशा बेतानं. दर दसऱ्याला मशीनच्या आधी मी त्या सर्टिफिकेटला हळद-कुंकू वाहायची. ती एकोणपन्नास वर्षांची मी आज मला समोरून येताना दिसले, तर मी गल्ली बदलीन.

काकाजींच्या या सगळ्या खटाटोपाचं कारण डोंगरात होतं.

मेळघाटात, पावसाळ्यात जिथं एसटी जात नाही अशा एका गावात त्यांचा एक दोस्त होता. कोरकू माणूस. खात्याच्या पर्जन्यमापकावर रोज सकाळी पाणी मोजायचं काम त्यानं वर्षानुवर्षं केलं होतं. काकाजी वर्षातून एकदा, भाद्रपदातल्या महालक्ष्म्या जेवून गेल्या की, त्याच्याकडे जाऊन सबंध मोसमाचा पाऊस ताडून घेत. पुढं दोघं निवृत्त झाले, मापही तिथून हललं, पण यांचं जाणं थांबलं नाही. दोस्ताच्या डोळ्यांत काचबिंदू होऊन दृष्टी गेली. तरी तो अंगणात गंज, म्हणजे उभं पातेलं, ठेवून रोज सकाळी त्यात बोट बुडवायचा. दोन पेरं पाऊस, तीन पेरं पाऊस, असं मोजायचा आणि लक्षात ठेवायचा. भाद्रपदात काकाजी जायचे, तो सांगायचा, हे रजिस्टरात लिहायचे. त्या रजिस्टराला आता विचारणारं खातं नव्हतं. मी एकदा विचारलं, काहून जी लिहिता मग?

"तो मोजते म्हणून," ते म्हणाले.

वाट दीड दिवसाची. मधे एक रात्र. वाटेतल्या वस्तीवर ओळखीचे लोक होते, पण काकाजी कुणाच्या घरात झोपत नसत. पाहुणा घरात झोपला की घरातल्या कुणाला तरी आपली खाट सोडावी लागते, हे त्यांना चालत नसे. म्हणून शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, स्वतःचा तंबू. तो तंबू खात्याच्या वेळचा, जाड कॅनव्हासचा, ओला झाला की म्हशीच्या वासरासारखा जड.

आणि मग त्यांना हृदयविकाराचा झटका आला. डॉक्टरांनी सांगितलं, डोंगर बंद. काकाजींनी डॉक्टरांशी भाजीबाजारात घालावी तशी घासाघीस केली. शेवटी डॉक्टर कंटाळून म्हणाले, जायचंच असेल तर पाठीवर पाच किलोच्या वर नको आणि बसत बसत जा. त्यांना वाटलं, पाच किलोत कोण जातंय डोंगरात.

घरी आल्याबरोबर काकाजींनी वजनकाटा काढला. त्या वर्षी त्या घरात वजनाशिवाय दुसरं बोलणं नव्हतं. दात घासायच्या ब्रशचा दांडा अर्धा कापला. साबणाच्या वडीचे चार तुकडे केले. टॉर्चमधला एक सेल काढून टाकला, तर टॉर्चच लागेना, तेव्हा नाइलाजानं परत घातला. एक दिवस सदरा घेऊन माझ्याकडे आले, कॉलरीतलं अस्तर काढून द्या म्हणाले. मी म्हटलं, काकाजी, कॉलर पडेल. ते म्हणाले, डोंगरात कोणाले दाखवायची हाय? मी अस्तर काढून दिलं आणि त्यांच्या पाठीमागे आमच्या ह्यांना म्हटलं, आता एखाद्या दिवशी मिशा वजन करून उतरवतील. तिसऱ्या दिवशी त्यांनी खरंच मिशा काढल्या. त्या वजनासाठी काढल्या की कसं, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

उरला तंबू. त्यासाठी कापड निवडायचं होतं, आणि जिन्यातली नळी तेव्हाच उभी राहिली. ताडपत्री पाणी अडवते, पण माणसालाही अडवते. छत्रीचं कापड हलकं, पण नळी अर्धी भरली की घाम फुटायचा. रेनकोटचं रबरी कापड घडीवर चिरतं. साधं प्लास्टिक पहिल्या बोरीच्या काट्यापर्यंतच. जमिनीवर अंथरायचं कापड छतापेक्षा घट्ट लागतं, हेही मला तेव्हाच कळलं. छतावर नुसता पाऊस पडतो, खाली माणूस पडतो, आणि त्याचं वजन ओल्या मातीतलं पाणी वर दाबतं. पंचवीस वर्षं कापडात हात घालून मला जे ठाऊक नव्हतं, ते हा पाऊस मोजणारा माणूस सांगत होता. त्याचा मला राग यायचा. कौतुक वाटायला हवं होतं, पण भिंतीवर सर्टिफिकेट होतं ना.

अकोल्याला एक ताडपत्रीवाले चाचा होते. छत्र्या, मंडपाचं कापड, बैलगाडीवरची झाकणं, असा त्यांचा व्यापार. काकाजी मला कापड बघायला सोबत घेऊन गेले. दुकानात गेल्या गेल्या यांनी प्रत्येक ताग्याचं टोक उचलून तोंडाला लावलं आणि फुंकायला सुरुवात केली. फुंकर पलीकडे गेली की ते कापड बाद. चाचा बराच वेळ बघत राहिले, मग मला हळूच म्हणाले, "बाई, साहब कपडा लेने आए हैं या नाश्ता करने?" तासाभरानं मात्र तेच चाचा दुकानाच्या दारात उभे राहून फुंकर मारत होते, आणि कोणत्या कापडातून हवा गेली यावरून दोघांचं भांडण लागलं होतं.

शेवटी चाचांनीच आतून एक गुंडाळी काढली. सुरतेकडून एका तंबूवाल्याच्या मालातून उरलेलं नायलॉन. अंगभर बारीक चौकटी विणलेल्या, म्हणजे फाटलं तरी चौकटीपाशी थांबतं. दोन्ही बाजूंनी सिलिकॉनचा लेप. राखाडी रंगाचं, कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ. सबंध कापड काकाजींच्या दोन मुठींत मावलं. ते मुठी मिटून उभे राहिले. त्या कापडाला नळी लावली तेव्हा पाणी गच्चीच्या दारापर्यंत भरलं, रात्रभर तसंच ठेवलं, आणि सकाळी आरसा कोरडा होता. काकाजींनी मला हाक मारून कोरडा आरसा दाखवला. मी माझंच तोंड बघून आले.

कापड माझ्या हातात देताना त्यांनी एकच गोष्ट सांगितली, आणि दोनदा सांगितली. टाचणी लावायची नाही, कच्चा टाका घालायचा नाही. सुती कापडातलं भोक पाण्यानं फुगून मिटतं. याचं मिटत नाही. कपडे वाळत घालायचे चिमटे वापरा. सोबत दोन डझन चिमटेही आणून दिले होते.

मी काम लांबवलं. महालक्ष्म्या तोंडावर आल्या होत्या आणि ब्लाउजांचा ढीग पडला होता. सण उरकल्यावर एका दुपारी कापड मशीनवर घेतलं, तर ते हातात राहीना. साबणाची ओली वडी बरी. चिमटे कडेला लागायचे, पण कागदी कटिंग कापडाच्या मध्यावर ठेवायचं तर तिथं चिमटा पोचत नाही. तीनदा कापड सरकलं. चौथ्यांदा मी डबी उघडली आणि टाचण्या लावल्या, चार चार बोटांवर एक, ब्लाउजपीसला लावतो तशा. कापून झाल्यावर काढल्या. भोकांवरून नख फिरवलं, रेशमावर फिरवतो तसं. उजेडाला धरून पाहिलं, मला काही दिसलं नाही. चष्मा शेजारी पडला होता, तो मी लावला नाही. लावला की म्हातारी दिसते, असं तेव्हाच्या त्या बाईला वाटायचं.

निघायच्या दोन दिवस आधी तंबू दिला. शिलाईच्या सुईचीही भोकं पडतातच, म्हणून काकाजी गच्चीवर बसून सगळ्या शिलाईवर लेप लावत होते. खिडकीच्या काचांना लावतात ते सिलिकॉन घासलेटात पातळ केलेलं, आणि अर्ध्या दांड्याचा तो ब्रश. मी चहा घेऊन गेले.

"शिलाई सोडून कुठं भोक नाही ना, बाई? टाचणी-गिचणी?" त्यांनी विचारलं. "असलं तं सांगा. थेंबभर लेप लावला का काम झालं."

मी म्हटलं, "नाही जी. मी का आजची शिवते?"

त्यांनी मान हलवली. लेप ओला असल्यामुळे तंबूवर पाणी मारून बघता येईना, आणि वाळेपर्यंत निघायचा दिवस आला. कोणत्याही कापडाच्या शब्दावर विश्वास न ठेवणारा माणूस माझ्या शब्दावर डोंगरात गेला. पाठीवरचं ओझं चार किलो नऊशे भरलं होतं. त्यांनी मला दोनदा काटा दाखवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते जीपमधून परत आले. वस्तीवर रात्रभर धो धो पाऊस झाला होता. तंबूत पाणी आलं, पांघरूण भिजलं, आणि पहाटे अंगात ताप भरला. वस्तीवरल्या लोकांनी उचलून जीपमध्ये घातलं. गाव अजून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर होतं. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी भाडेकरूंदेखत सांगितलं, कापड फसलं, निवड माझी चुकली. नळीनं मले दगा दिला.

मी तिथंच उभी होते, हातात पेजेची वाटी. मला हायसं वाटलं. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली.

ताप उतरला, पण अंगातली रया गेली. आश्विनात त्यांनी जिन्यातली नळी सोडून गुंडाळून ठेवली. भाडेकरू खूश झाले. मी त्यांना म्हटलं, काकाजी, दोस्ताला निरोप धाडा कोणाच्या हाती. फोन तिकडं लागत नव्हता. ते म्हणाले, काय सांगू? पाणी आलं म्हणून वापस गेलो? पाऊस मोजणाऱ्याले? पुढच्या साली स्वतःच जाऊन सांगतो. मी पुन्हा आग्रह केला नाही. निरोपासोबत तंबूचा विषय निघाला असता.

पौषात ते गेले, दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या. डॉक्टर म्हणाले, भिजण्याशी याचा काही संबंध नाही, हृदय आधीच थकलं होतं. असेलही. डॉक्टर शिवणकाम करत नाहीत.

तेरवी झाल्यावर त्यांच्या मुलीनं मला वर बोलावलं. बाबांच्या खोलीत हा तंबू सापडला, तुम्हीच शिवला होता ना, तुमच्याकडेच राहू द्या, म्हणाली. सोबत पावसाचं रजिस्टरही दिलं, तिला त्याचं काय करावं कळत नव्हतं. मी घरी येऊन तंबू पलंगावर पसरला. या वेळी चष्मा लावला होता. छताच्या मधोमध, शिलाईपासून दूर, लेपाचे वाळलेले ठिपके होते. मसुरीच्या दाण्याएवढे. एका सरळ ओळीत, चार चार बोटांवर एक. मी मोजले नाहीत, पण एकही भोक सुटलं नव्हतं.

कापड फसलं तर ते कुठंही फसतं, ओळीनं फसत नाही. हे ज्याला कळू नये असा माणूस तो नव्हता. आजारी असताना, वरच्या खोलीत बसून, एकेक भोक शोधून त्यानं बुजवलं होतं आणि खाली येऊन मला म्हटलं होतं, बाई, आज पेजेत मीठ बरोबर हाय.

माघात रस्ता कोरडा झाल्यावर मी आमच्या ह्यांना घेऊन जीपनं त्या गावाला गेले. गावात शिरल्यावर कुणालाही विचारावं लागलं नाही. अंगणात गंज ठेवलेलं एकच घर होतं. म्हातारा ओसरीवर उन्हात बसला होता. अमरावतीहून आले, साहेबांच्या घरून, असं सांगितल्यावर तो आत गेला आणि चाचपडत एक सुतळी घेऊन आला. तिला गाठी मारलेल्या होत्या. जितकी पेरं पाऊस, तितक्या गाठी, आणि कोरड्या दिवसाला मधे मोकळी जागा. त्या सालचं इतके महिने लक्षात राहणार नव्हतं, म्हणून. भाद्रपदात लिहायला कुणी आलं नव्हतं. सुतळी त्यानं माझ्या हातात दिली आणि साहेब कधी येतील, असं विचारलं.

मी आधी साहेब गेल्याचं सांगितलं. मग बाकीचं. टाचण्या, चष्मा, गच्चीवरचा प्रश्न आणि माझं उत्तर. त्या रात्रीचा पाऊस. अर्ध्या दिवसाच्या वाटेवरून परत फिरलेली जीप. मला वाटत होतं, हा आता काही बोलेल, मला बोलेल, आणि मी ते ऐकून घेईन. तेवढ्यासाठीच मी आले होते.

 त्यानं विचारलं, कधीची गोष्ट ही? मी म्हटलं, भाद्रपदातली, बाबा. महालक्ष्म्या जेवल्या त्याच्या चौथ्या दिवशी.

तो म्हणाला, "मले वाटलं, इसरले. म्हंजे निघाले होते साहेब."